शाळेतील व्यवसाय शिक्षण (इयत्ता नववी ते बारावी): प्रवेश कसा घ्यावा आणि शिक्षण मध्येच सुटू नये यासाठी काय करावे

थोडक्यात माहिती

• योजना: समग्र शिक्षा अभियानातील 'शालेय शिक्षणाचे व्यावसायिकीकरण' हा घटक
• कोणासाठी: योजनेत निवडलेल्या शासकीय व अनुदानित शाळांतील इयत्ता नववी ते बारावीचे विद्यार्थी
• काय मिळते: नेहमीच्या विषयांसोबत एका व्यवसायाचे प्रशिक्षण, प्रात्यक्षिके, प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचा अनुभव, मूल्यमापन व प्रमाणपत्र
• अर्ज कुठे: वेगळा ऑनलाइन अर्ज नाही. शाळेतच नाव नोंदवायचे असते.
• लक्षात ठेवा: नाव नोंदवणे ही पहिली पायरी आहे. खरा लाभ अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यालाच मिळतो.

ही योजना काय आहे?

नववी-दहावीत शिकणाऱ्या मुलामुलींना शाळेत असतानाच हाताला एखादे काम यावे आणि तरीही त्यांचे नेहमीचे शिक्षण थांबू नये, हा या योजनेचा हेतू आहे. विद्यार्थी शाळा सोडून प्रशिक्षण केंद्रात जात नाही. भाषा, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्र हे विषय चालू असतात आणि त्यांच्या जोडीला एक व्यवसाय विषय असतो.

शाळेत व्यवसाय शिकवण्याची कल्पना नवी नाही. कोठारी आयोगाने (१९६४-६६) तिची शिफारस केली होती. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च माध्यमिक स्तरावरील १० टक्के विद्यार्थी १९९० पर्यंत आणि २५ टक्के विद्यार्थी १९९५ पर्यंत व्यवसाय अभ्यासक्रमांकडे वळवण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. ते गाठता आले नाही. त्या काळी हे शिक्षण प्रामुख्याने अकरावी-बारावीत, वेगळ्या शाखेत दिले जाई. ज्याला गुण कमी पडतात त्याने तिकडे जायचे, असा समज त्यामुळे रुजला.

पुढे पद्धत बदलली. २०१२ मध्ये हरियाणातील ४० शाळांत नववीपासून व्यवसाय विषय शिकवण्याचा प्रायोगिक उपक्रम सुरू झाला. डिसेंबर २०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा अधिसूचित झाला. कोणते कौशल्य कोणत्या स्तराचे आहे हे त्यावरून ठरते. २०१८-१९ पासून ही योजना समग्र शिक्षा अभियानात समाविष्ट आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार सहावी ते आठवीच्या मुलांनाही दप्तराविना १० दिवस स्थानिक कारागिरांकडून कामाची ओळख करून द्यायची आहे.

कोणते विषय असतात?

प्रत्येक शाळेत सगळे विषय नसतात. एका शाळेत बहुधा दोन क्षेत्रे उपलब्ध असतात. देशभर चालणाऱ्या क्षेत्रांपैकी काही अशी:

• शेती व फलोत्पादन
• माहिती तंत्रज्ञान
• आरोग्यसेवा
• वाहन दुरुस्ती व सेवा
• इलेक्ट्रॉनिक्स
• तयार कपडे व शिवणकाम
• सौंदर्य व निगा
• किरकोळ विक्री
• पर्यटन व आदरातिथ्य
• नळकाम
• बांधकाम
• खासगी सुरक्षा

अभ्यासक्रम व पुस्तके तयार करण्याचे काम भोपाळची पंडित सुंदरलाल शर्मा केंद्रीय व्यावसायिक शिक्षण संस्था करते. ही संस्था एनसीईआरटीचा भाग आहे. प्रत्येक अभ्यासक्रमाचे दोन भाग असतात. एक भाग त्या व्यवसायाचा आणि दुसरा रोजगारक्षम कौशल्यांचा. या दुसऱ्या भागात संवाद, स्वतःचे व्यवस्थापन, संगणकाचा वापर, उद्योजकता आणि पर्यावरणपूरक कामाच्या सवयी शिकवल्या जातात.

प्रवेश कसा घ्यावा?

१. आठवीचा निकाल लागल्यावर नववीच्या प्रवेशाआधीच शाळेत जा. शाळेत कोणते व्यवसाय विषय आहेत, प्रत्येकात किती जागा आहेत आणि ते शिकवायला प्रशिक्षक नेमलेला आहे का, हे विचारा.
२. तोच विषय अकरावी-बारावीतही याच शाळेत किंवा जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात आहे का, हे त्याच वेळी विचारा.
३. मुलाला किंवा मुलीला विषय निवडू द्या. शक्य असेल तर ती प्रयोगशाळा किंवा कार्यशाळा एकदा दाखवून आणा.
४. प्रवेश अर्जात विषयाचे नाव स्पष्ट लिहिले आहे याची खात्री करा.
५. नववीत मंडळाकडे नोंदणी होताना व्यवसाय विषय नोंदला गेला आहे का, ते तपासा. ही नोंद राहून गेली तर वर्षभर शिकूनही परीक्षेला बसताना अडचण येते.

योजनेतील शाळेत प्रशिक्षकाचे मानधन, प्रात्यक्षिकाचा कच्चा माल, क्षेत्रभेट, बाहेरील तज्ज्ञांची व्याख्याने, मूल्यमापन आणि प्रमाणपत्र यांसाठी शासन निधी देते. या गोष्टींसाठी तुमच्याकडे पैसे मागितले, तर कोणत्या आदेशानुसार मागत आहात हे लेखी विचारा.

हा विषय घेतला तर दहावीवर काय परिणाम होतो?

हे तुमच्या मंडळावर अवलंबून आहे. काही मंडळांत व्यवसाय विषय हा जादा विषय असतो. काही मंडळांत तो ठरावीक विषयाच्या जागी घेता येतो. शाळेकडून आपल्या मंडळाचा नियम समजून घ्या.

सीबीएसईच्या शाळांत नववी-दहावीचा कौशल्य विषय १०० गुणांचा असतो. त्यात ५० गुण लेखी परीक्षेला आणि ५० गुण प्रात्यक्षिकाला असतात. विद्यार्थ्याने तो सहावा विषय म्हणून घेतला, त्यात तो उत्तीर्ण झाला आणि विज्ञान, गणित किंवा सामाजिक शास्त्र यांपैकी एका विषयात नापास झाला, तर त्या विषयाच्या जागी कौशल्य विषय धरून निकाल लावला जातो. एका विषयामुळे दहावी अडकू नये यासाठी हा मोठा आधार आहे. मात्र गणित किंवा विज्ञान असे बदलले गेले, तर अकरावीत विज्ञान शाखा किंवा पुढे काही तंत्रशिक्षणाचे प्रवेश मिळणे अवघड जाते. म्हणून या सवलतीकडे आधार म्हणून पाहावे. तिच्या भरवशावर गणिताचा अभ्यास सोडू नये.

मुले मध्येच का सोडतात?

शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांना आठवीपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. नववीत हे कवच संपते आणि गळती तिथूनच वाढते. यूडायस प्लसच्या २०२१-२२ च्या आकडेवारीनुसार उच्च प्राथमिक स्तरावर गळतीचे प्रमाण ३ टक्के, तर माध्यमिक स्तरावर १२.६ टक्के होते.

व्यवसाय विषय घेतलेल्या मुलांच्या बाबतीत साखळी बहुधा पुढील ठिकाणी तुटते.

(१) दहावीनंतर विषय पुढे मिळत नाही. शाळा दहावीपर्यंतच असते आणि जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात तो विषय नसतो. अभ्यासक्रमाची रचना सहसा नववी-दहावीत एक कामाची भूमिका आणि अकरावी-बारावीत पुढची भूमिका अशी असते. दहावीलाच थांबलेल्या विद्यार्थ्याच्या हाती सुरुवातीच्या स्तराचेच प्रमाणपत्र राहते.

(२) प्रशिक्षक नसतो. अनेक राज्यांत प्रशिक्षक कंत्राटी पद्धतीने, बाहेरच्या संस्थेमार्फत नेमले जातात. कंत्राट संपून नवी नेमणूक होईपर्यंत तासिका रिकामी जाते आणि प्रात्यक्षिके राहून जातात.

(३) विषय मुलाने निवडलेलाच नसतो. मुलींना सौंदर्य व निगा किंवा शिवणकाम आणि मुलांना वाहन दुरुस्ती, असे वाटप कधी कधी परस्पर होते. नियमाने कोणताही विषय मुलगा किंवा मुलगी दोघांनाही घेता येतो.

(४) घरची गरज. मुलगा थोडे काम शिकला की गॅरेजवाला किंवा दुकानदार त्याला लगेच कामावर बोलावतो. घरात रोख पैसे येऊ लागतात आणि शाळा मागे पडते. मुलींच्या बाबतीत शाळेचे अंतर, घरकाम, धाकट्या भावंडांची जबाबदारी आणि लवकर ठरणारे लग्न ही कारणे असतात.

(५) स्थलांतर. ऊसतोड, वीटभट्टी किंवा बांधकाम यांसाठी कुटुंब दुसऱ्या जिल्ह्यात किंवा राज्यात जाते. परत आल्यावर हजेरी भरत नाही.

यांपैकी कोणते कारण आपल्या घराला लागू होऊ शकते, याचा विचार नववीच्या सुरुवातीलाच केला तर बऱ्याच अडचणींवर उपाय करता येतो. ते उपाय पुढे दिले आहेत.

दहावीनंतर विषय मिळत नसेल तर

• मुख्याध्यापकांना भेटून शेजारच्या कोणत्या शाळेत तो विषय आहे हे विचारा. समग्र शिक्षा अभियानात एक केंद्रशाळा आणि तिच्याशी जोडलेल्या आसपासच्या शाळा अशी व्यवस्था करता येते. जोडलेल्या शाळांतील विद्यार्थी केंद्रशाळेतील साहित्य व प्रशिक्षक वापरू शकतात.
• औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आयटीआयमध्ये, १४ वर्षे पूर्ण झालेल्यांना प्रवेश मिळतो. व्यवसायानुसार आठवी किंवा दहावी उत्तीर्ण ही अट असते. शाळेत शिकलेल्या विषयाशी जुळणारा व्यवसाय तिथे निवडता येतो.
• दहावीनंतर तंत्रनिकेतनात पदविकेला जाता येते. बारावी व्यावसायिक किंवा तांत्रिक विषयांसह उत्तीर्ण झालेल्यांना पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची संधी असते. त्यासाठी कोणते विषय चालतात हे आपल्या राज्याच्या तंत्रशिक्षण विभागाच्या प्रवेश पुस्तिकेत पाहावे.

पैशांची अडचण असेल तर

शाळेत टिकून राहण्यासाठी पुढील मदत मिळू शकते. यांतील कोणत्याही मदतीला व्यवसाय विषय घेतल्यामुळे बाधा येत नाही.

राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक गुणवत्ता शिष्यवृत्ती (एनएमएमएस): नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये. पालकांचे वार्षिक उत्पन्न ३.५ लाख रुपयांपर्यंत असावे. आठवीत असताना परीक्षा द्यावी लागते आणि सातवीत किमान ५५ टक्के गुण लागतात (अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के सवलत). शासकीय, अनुदानित व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील विद्यार्थी पात्र असतात. केंद्रीय विद्यालय व नवोदय विद्यालयाचे विद्यार्थी पात्र नाहीत. अकरावीत ती चालू राहण्यासाठी दहावीत ६० टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती-जमातींना इथेही ५ टक्के सवलत आहे.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती: नववी व दहावीसाठी. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २.५ लाख रुपयांपर्यंत असावे. घरून ये-जा करणाऱ्याला वर्षाला ३,५०० रुपये आणि वसतिगृहात राहणाऱ्याला ७,००० रुपये मिळतात. अकरावीपासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती लागू होते. ती विद्यार्थी ज्या राज्याचा कायमचा रहिवासी आहे त्या राज्यामार्फत मिळते. म्हणजे मूळचे नांदेडचे कुटुंब हैदराबादला राहत असेल आणि रहिवास महाराष्ट्राचा असेल, तर अर्ज महाराष्ट्राकडे करावा लागतो.

कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय: वंचित घटकांतील मुलींसाठी निवासी सोय. समग्र शिक्षा अभियानात ही विद्यालये बारावीपर्यंत वाढवण्याची तरतूद आहे. शाळा दूर असल्याने मुलीचे शिक्षण थांबणार असेल, तर आपल्या तालुक्यातील विद्यालयात चौकशी करावी.

दिव्यांग मुलींसाठी: पहिली ते बारावी दरमहा २०० रुपये विद्यावेतन.

केंद्राच्या दोन शिष्यवृत्त्या एकाच वेळी सहसा घेता येत नाहीत. बँक खाते विद्यार्थ्याच्या नावे आणि आधारशी जोडलेले असावे. उत्पन्नाचा व जातीचा दाखला वेळेत काढून ठेवा, कारण अनेक अर्ज याच कागदांसाठी अडतात.

गाव किंवा राज्य बदलणार असाल तर

१. निघण्याआधी शाळा सोडल्याचा दाखला आणि गुणपत्रक घ्या. थोड्या महिन्यांसाठी जाणार असाल तर दाखला काढण्याऐवजी मूल वसतिगृहात किंवा नातेवाइकांकडे राहू शकते का, हे आधी पाहा. काही राज्यांत हंगामी वसतिगृहाची सोय असते.
२. विद्यार्थ्याचा कायम शिक्षण क्रमांक लिहून ठेवा. यूडायस प्लसमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याला तो दिलेला असतो आणि त्यावरून नव्या शाळेला जुनी नोंद सापडते. पालकांच्या संमतीने १२ अंकी 'अपार' क्रमांकही काढता येतो.
३. व्यवसाय विषयाचे नाव, कामाची भूमिका, स्तर आणि आतापर्यंतच्या मूल्यमापनाचे गुण शाळेच्या शिक्क्यासह लेखी घ्या. विषय राष्ट्रीय आराखड्यातील असेल तर नव्या राज्यातही तोच स्तर ओळखला जातो. मात्र नव्या शाळेत तो विषय शिकवला जात असला पाहिजे. हे जाण्याआधी फोनवरून विचारून घ्यावे.

शाळा सुटलीच असेल तर

शाळा सुटली म्हणजे सगळे संपले असे नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) दहावी व बारावी करता येते. दहावीसाठी किमान वय १४ वर्षे आहे. एकदा नोंदणी केली की ती ५ वर्षे चालते आणि त्या काळात परीक्षेच्या ९ संधी मिळतात. आधीच्या मान्यताप्राप्त मंडळात उत्तीर्ण झालेल्या विषयांपैकी दोन विषयांपर्यंतचे गुण तिथे वर्ग करता येतात. नेहमीच्या विषयांसोबत व्यावसायिक विषयही घेता येतो. काम करत शिकणाऱ्यांना ही सोय उपयोगी पडते.

सामाजिक व आर्थिकदृष्ट्या वंचित गटांतील १६ ते १९ वर्षे वयाच्या शाळाबाह्य मुलांना मुक्त विद्यालयातून दहावी-बारावी पूर्ण करण्यासाठी समग्र शिक्षा अभियानातून वर्षाला २,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. ती अभ्यास साहित्य व प्रमाणपत्राच्या खर्चासाठी असते. यासाठी गटशिक्षणाधिकारी कार्यालयात चौकशी करा.

कामाच्या ठिकाणी पाठवताना

प्रत्यक्ष कामाचा अनुभव हा अभ्यासक्रमाचा भाग आहे. ती नोकरी नाही. विद्यार्थ्याला कुठे, किती दिवस आणि कोणाच्या देखरेखीखाली पाठवले जात आहे, हे शाळेने पालकांना आधी कळवले पाहिजे. १४ ते १८ वर्षे वयाच्या मुलांना खाणीत, ज्वालाग्राही किंवा स्फोटक पदार्थांच्या कामात आणि धोकादायक प्रक्रियेत कामाला लावण्यास कायद्याने बंदी आहे. मुलाला असे काम दिले जात असेल तर शाळेला लगेच कळवा किंवा १०९८ या मोफत बाल मदत क्रमांकावर संपर्क साधा.

बारावी पूर्ण केल्यावर काय?

• दोन्ही प्रमाणपत्रे हाती असावीत: मंडळाचे गुणपत्रक आणि कौशल्याचे प्रमाणपत्र.
• व्यावसायिक विषयासह बारावी झालेल्यांना शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ नुसार 'तंत्रज्ञ (व्यावसायिक)' गटात शिकाऊ उमेदवारी मिळू शकते. तिचा कालावधी एक वर्ष असतो आणि त्या काळात नियमानुसार विद्यावेतन मिळते. त्यासाठी राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजनेच्या पोर्टलवर नोंदणी करावी.
• पदवी शिक्षणाचा मार्ग बंद होत नाही. ज्या शाखेत जायचे आहे तिला लागणारे विषय अकरावीतच घेतलेले असले पाहिजेत.

तक्रार कुठे करावी?

प्रशिक्षक नाही, साहित्य नाही, प्रमाणपत्र आले नाही किंवा पैसे मागितले, अशी तक्रार असेल तर पुढील क्रमाने जा.

१. मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज. पोच घ्या.
२. शाळा व्यवस्थापन व विकास समिती. तिच्यात पालकांचे प्रतिनिधी असतात. एकट्याने जाण्यापेक्षा त्या विषयाच्या चार-पाच पालकांनी मिळून जावे.
३. जिल्हा शिक्षणाधिकारी किंवा समग्र शिक्षा अभियानाचे जिल्हा कार्यालय.
४. राज्याचे किंवा केंद्राचे सार्वजनिक तक्रार निवारण पोर्टल.
५. माहिती अधिकार कायदा, २००५ नुसार शाळेला या विषयासाठी किती निधी आला आणि तो कशावर खर्च झाला, हे विचारता येते. उत्तर साधारणपणे ३० दिवसांत मिळायला हवे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क लागत नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हा विषय अभ्यासात मागे असलेल्या मुलांसाठीच आहे का?
नाही. कोणताही विद्यार्थी तो घेऊ शकतो. पुढे अभियांत्रिकी, परिचर्या किंवा शेती शिकू इच्छिणाऱ्यांनाही त्याचा उपयोग होतो.

नववीत घेतलेला विषय दहावीत बदलता येतो का?
बहुतेक मंडळांत दहावीत विषय बदलणे अवघड असते, कारण नववीपासूनच नोंदणी झालेली असते. अडचण वाटत असेल तर नववीच्या पहिल्या काही आठवड्यांतच शाळेला सांगा.

मुलाला गॅरेजमध्ये आताच काम मिळत आहे. शाळा चालू ठेवून काय फायदा?
आज मिळणारी मजुरी हाती दिसते. पण दहावी-बारावी व कौशल्याचे प्रमाणपत्र नसेल तर आयटीआयचे अनेक व्यवसाय, पदविका, शिकाऊ उमेदवारी आणि बहुतेक सरकारी भरती यांचे दरवाजे बंद होतात. घरची गरज खरोखरच तातडीची असेल तर शाळा पूर्ण सोडण्याआधी शिष्यवृत्तीची चौकशी करा आणि मुक्त विद्यालयात नाव घाला.

हजेरी कमी पडली तर?
आजारपण किंवा स्थलांतर हे कारण असेल तर ते कागदपत्रांसह परीक्षेआधी शाळेला कळवा. राहिलेली प्रात्यक्षिके भरून घेण्यासाठी प्रशिक्षकाकडून तारखा लिहून घ्या. निम्मे गुण प्रात्यक्षिकाचे असतील तिथे ती चुकवणे सर्वांत महागात पडते.

पालकांनी जवळ ठेवायची कागदपत्रे

आधार कार्ड, कायम शिक्षण क्रमांक, विद्यार्थ्याच्या नावाचे बँक पासबुक, उत्पन्नाचा दाखला, लागू असल्यास जातीचा किंवा दिव्यांगत्वाचा दाखला, रहिवासाचा दाखला, मागील वर्षाचे गुणपत्रक, व्यवसाय विषयाच्या नोंदणीची प्रत. या सर्वांच्या दोन छायाप्रती काढून एका पिशवीत ठेवा. स्थलांतराच्या वेळी ही पिशवी सोबत असू द्या.